दाणा वाजला पाहिजे

पाहुणे गेले आणि घरात सगळ्यांत आधी साखर संपली. मग तेल संपलं, मग साबण. चौथ्या दिवशी गवंड्याच्या ध्यानात आलं की मुळात पैसेच संपलेत, बाकीच्या वस्तू नुसत्या त्यांच्या मागोमाग चालल्यात.

सुट्टीचे अकरा दिवस त्याच्या तीन खोल्यांत चौदा माणसं होती. शहरातला थोरला भाऊ, त्याची बायको, त्यांची तीन मुलं, बहीण, मेव्हणे, त्यांची दोन मुलं, वर मेव्हण्यांची आई, आणि हॉस्टेलवरून आलेली स्वतःची लेक. दरवर्षी भाऊ सगळ्यांना आपल्याकडे बोलवायचा आणि खर्चही करायचा. यंदा गवंडी फोनवर बोलून बसला, "दादा, ह्या खेपेला सगळे माझ्याकडे." बोलायला पैसे पडत नाहीत, ते मागाहून पडतात. भिंतींना रंग झाला, सहा गाद्या आल्या, नवी ताटं आली, एक दिवस सगळ्यांना धरणावर न्यायला जीप केली. निघताना लहानग्यांना कपडे झाले. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे गवंड्याला कुणी शिकवायला नको होतं, पण पाय अठ्ठावीस होते.

आणि सुट्टी संपली की सगळ्याच गावाचा खिसा एकदम रिकामा होतो. अशात घर कोण बांधणार? गवंड्याच्या थाप्या आणि ओळंबा कोपऱ्यात घमेल्यात पडून राहिले.

पाचव्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "आईच्या कानाचे पैसे आहेत ना डब्यात, महिनाभर ते वापरू. काम लागलं की परत ठेवू."

त्याची बायको, गवंडीण, ताटावरून नजर न उचलता म्हणाली, "ते नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"पाहुणे आले त्याच्या तिसऱ्याच दिवशी आईंनी डबा आणून माझ्या हातात दिला. जीप काय झाडाला लागली होती?"

गवंड्याचा घास हातातच राहिला. समोर म्हातारी जेवत होती. दोघांची तोंडं हलताना बघून तिनं आपली मान हलवली आणि मोठ्यानं "हो हो" म्हटलं. म्हातारीचं हे नेहमीचंच. पाच-सहा वर्षांत तिचे दोन्ही कान गेले होते. आई, जेवलात का, हो हो. आई, ऊन आहे का, हो हो. आई, विहिरीत उडी मारता का, तर तिथंही हो हो. कुणाला दोनदा बोलायला लावायचं तिच्या जिवावर यायचं.

सुट्टीच्या आधी बाजारच्या गावी एक कानवाला आला होता. औषधांच्या दुकानावरच्या खोलीत त्यानं म्हातारीला तपासलं आणि पाच मिनिटांसाठी एक यंत्र तिच्या कानात घातलं. म्हातारी छताकडे बघून म्हणाली, "पंखा वाजतोय की." येताना बसमध्ये तिनं त्या पंख्याची हकिगत अनोळखी बायकांनाही सांगितली. दोन वर्षं अंडी विकून साठवलेले पैसे तिच्या डब्यात होते, फक्त काळं यंत्र घ्यायचं की कातडीच्या रंगाचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारपर्यंत यंत्र अर्ध्या किमतीत मिळणार होतं. त्यानंतर पूर्ण किंमत, म्हणजे अजून दोन वर्षांची अंडी.

आणि ते पैसे गेले कशात, तर चौदा माणसांच्या गलबल्यात, जो म्हातारीला ऐकूच आला नाही. अकरा दिवस ती मधोमध बसून होती. कुणी विनोद केला की ती आधी सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची आणि मग हसायची. सगळ्यांचं हसून झालेलं असायचं तेव्हा म्हातारीचं एकटीचं हसू उरायचं. धाकट्या नातीनं तिच्या पुढ्यात उभं राहून गाणं म्हटलं, तेव्हा दुसऱ्यांनी टाळ्या वाजवल्यावर हिनं वाजवल्या. गवंड्यानं ते पाहिलं होतं. आता त्याला जेवण जाईना.

"शेवटचा गुरुवार," तो म्हणाला. "तोवर भरू."

"कशातून?"

"बघू," गवंडी म्हणाला. बघू म्हणणाऱ्या पुरुषाच्या घरात बघावं बाईलाच लागतं.

गवंडीण दुसऱ्याच दिवशी बियाणेवाल्याच्या गोदामावर जाऊन आली. उन्हाळी भुईमुगाची पेरणी दीड महिन्यावर होती आणि शेंगा फोडायला त्याला माणसं हवी होती. खायच्या शेंगा यंत्रात घालून फोडतात, पण बियाण्याच्या शेंगांना यंत्र चालत नाही. दाणा तुटतो, त्याची लाल साल ओरखडते आणि मग तो उगवत नाही. बियाणं हातानंच फोडावं लागतं, एकेक शेंग. बियाणेवाला पोतं वजन करून द्यायचा, दाणे वजन करून घ्यायचा, तुटके दाणे बाजूला काढून मजुरी धरायचा, आणि सगळा हिशेब महिनाअखेरीला. गवंडीणीनं तिथंच पोत्यावर बसून मनाशी मांडलं. यंत्र म्हणजे नऊ पोती. नऊ पोती फोडली की म्हातारीला पंखा ऐकू येणार.

गोदामात एक वजनवाली होती, आडव्या अंगाची, नाकावर चष्मा. तिनं एक शेंग गवंडीणीच्या कानाशी नेऊन हलवली. आत दाणे खुळखुळले.

"ऐकलंस? कोरडा दाणा वाजतो. मी मूठ हलवूनच माल घेते. पाण्याचा थेंब लागता कामा नये. घरी खायला फोडताना बायका शेंगा ओल्या फडक्यात ठेवतात ना, बोटांना सोपं जातं म्हणून, तसलं इथं चालायचं नाही. ओल लागली की बियाणं गेलं. मग बियाण्याची किंमत तुझ्या मजुरीतून."

घरी आल्यावर गवंडीणीनं हे म्हातारीला सांगितलं. चांगलं ओरडून सांगितलं, एकदा नाही, दोनदा. समोरच्या घरातली शिंपीण दारात येऊन बघून गेली. म्हातारी "हो हो" म्हणाली. गवंडीणीनं पोत्याचं तोंड सोडलं आणि कामाला लागली. त्या "हो हो"चा अर्थ तिच्याएवढा कुणाला माहीत नव्हता, पण त्या दिवशी तिला घाई होती.

घरात काटकसर सुरू झाली. चहा दोन वेळांचा एक झाला. गवंड्यानं विडी सोडली, म्हणजे विकत घ्यायची सोडली. लेकीला हॉस्टेलवर फोन आठवड्यातून एकदा. कामाला जायचं तर चालत. नवी ताटं वरच्या फळीवर गेली, कारण ती घासायला साबण जास्त लागायचा, हे आपलं गवंडीणीचं कारण. खरं म्हणजे तिला ती बघवत नव्हती.

पहाटेच्या गारठ्यात आणि दुपार कलल्यावर तिघं ओसरीवर शेंगांच्या ढिगाभोवती बसत. शेंगेला एक चोच असते, तिच्यावर अंगठा ठेवून नेमकं दाबायचं, शेंग शिवणीवर उकलते. गवंडीणीला ते चटकन जमलं. म्हातारीला तर जन्माची सवय. फजिती झाली गवंड्याची. सिमेंट खाऊन खाऊन त्याच्या बोटांचं लाकूड झालं होतं. त्यानं दाबलं की शेंगही जाई आणि दाणाही. पहिल्या दिवशी त्याच्यापुढं दाण्यांपेक्षा तुकडे जास्त.

"दगड नाही तो," गवंडीण म्हणाली.

"मला कळतं ते. बोटांना कळत नाही."

म्हातारीनं त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. लहानपणी पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं तसा त्याचा अंगठा धरून तिनं चार शेंगा फोडून घेतल्या. पंचेचाळीस वर्षांचा माणूस निमूट फोडत राहिला. शिंपीण समोरून हसली तेव्हा त्याचे कान लाल झाले, पण हात त्यानं काढून घेतला नाही. आठवड्यानं त्याचे तुकडे कमी झाले. मग तो टरफलांची पोती भरून वीटभट्टीवर नेऊन देऊ लागला. त्याचेही चार पैसे आले, त्यात साखर झाली.

गवंडी बाहेर पडला की सासू-सुना दोघीच उरत. आणि तेव्हा एक गंमत व्हायची. गवंडीण बोलायला लागायची.

ती तशी बोलकी नव्हे. पण हात चालू असले की तोंड मोकळं होतं, आणि समोरच्याला ऐकू येत नसलं की ते फारच मोकळं होतं. म्हातारीला काही सांगायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडलं की ते अख्ख्या गल्लीला कळे. त्यामुळे म्हातारीशी बोलायच्या गोष्टी म्हणजे पाणी आलं, दूध नासलं, एवढ्याच. आता गवंडीण हळू, नेहमीच्या आवाजात बोलू लागली, जसं माणूस स्वतःशी बोलतं. शेंग फोडायची, दाणा टोपलीत टाकायचा, आणि एक वाक्य.

"तुम्ही हट्टी आहात. मी सांगते ना, हट्टी. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी रडत होते तेव्हा तुम्ही आलात आणि म्हणालात, चूल विझली. एवढंच म्हणालात. मी तेव्हापासून धरून ठेवलंय ते."

म्हातारी मान हलवायची. हो हो.

"थोरल्या जाऊबाई न्हाणीत गेल्या की बाहेर त्यांची मुलगी उभी करायच्या, पहाऱ्याला. दिसलं ना तुम्हाला? पोत्याचा पडदा. गवंड्याचं घर आणि न्हाणीला दार नाही. लोकांना माड्या बांधून देतो माझा नवरा. वीस वर्षं मी वारा आला की एका हातानं पोतं धरते आणि एका हातानं अंग धुते."

हे सांगताना तिच्या हातातला एक दाणा तुटला. तो तिनं बाजूला ठेवला.

आणि मग एका दुपारी ती ते बोलली, जे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "माझ्याकडे पैसे होते हो. दाराचे. उशीत शिवून ठेवलेत. थोडे आले की उसवायची, घालायचे, परत शिवायची, चार वर्षं. सुट्टीत हात रिकामे झाले तेव्हा मला वाटलं होतं, काढावेत. तेवढ्यात तुम्ही डबा घेऊन आलात. मी तुमचे घेतले. माझे नाही काढले. तुम्ही बहिऱ्या राहिलात आणि माझं दार उशीत राहिलं. काय म्हणावं अशा बाईला, सांगा."

म्हातारी तिच्या ओठांकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग नेहमीसारखी मान हलवून तिनं दुसरी शेंग उचलली.

सहा पोती गेली. वजनवालीनं दर वेळी मूठ कानाशी नेऊन हलवली आणि "चालेल" म्हटलं. कौतुक करायची तिची हीच पद्धत होती. सातवं पोतं अर्धं झालं तेव्हा गवंडीणीच्या दोन्ही अंगठ्यांना चिरा पडल्या. थंडीनं त्या उलत गेल्या. रात्रीचा भात कालवताना तिनं हात झटकला आणि डावा हात पुढं केला, तेव्हा म्हातारीनं तिचा उजवा हात धरून उजेडात नेला. बघितला. तेलाची बाटली आणली, तर बाटलीत तेल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गवंड्याला शाळेच्या भिंतीचं गिलाव्याचं काम लागलं, एका दिवसाचंच. हाताखाली माल कालवायला गवंडीण गेली. ती मजुरी परक्याला कशाला. दिवसभर तिनं अंगठ्यांना चिंध्या गुंडाळून घमेली उचलली. सिमेंट चिंधीतून आत जात होतं आणि चुरचुरत होतं. संध्याकाळी दोघं चालत घरी आली तेव्हा म्हातारी ओसरीवर बसली होती. ढीग नव्हता. टरफलं एका बाजूला झाडून ठेवलेली, आणि पोत्यात, आधीच्या दाण्यांवर, काठापर्यंत दाणे.

"झालं," म्हातारी मोठ्यानं म्हणाली. गल्लीला ऐकू गेलं. "अख्खं झालं. बस तू आता."

गवंडी हसला. "आई, तुझ्यात भूत शिरलं काय?" गवंडीणही हसली आणि तिनं कौतुकानं दाण्यांत हात घातला.

हाताला गार लागलं. दाणे फुगलेले होते, टपोरे, एकाचीही साल ओरखडलेली नाही. तिनं मूठ भरून कानाशी नेली आणि हलवली. काही वाजलं नाही. न्हाणीच्या दगडावर तिला ओलं पोतं वाळत घातलेलं दिसलं. तेव्हा तिला सगळं कळलं. म्हातारीनं सकाळीच शेंगांवर पाणी शिंपडलं होतं, ओल्या पोत्यानं झाकून ठेवल्या होत्या, आणि दिवसभर एकटीनं बसून फोडल्या होत्या. सुनेच्या अंगठ्यांसाठी. कोरडे दाणेही त्यातच मिसळले होते.

गवंडीणीनं नवऱ्याच्या हातात चार दाणे दिले. त्यानं दाबून पाहिले आणि त्याचं हसू गेलं. दोघंही म्हातारीकडे बघत उभी राहिली. सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार होतं. तू बियाणं घालवलंस, हे ओरडून सांगायचं, गल्लीच्या मधोमध, त्या बाईला, जी दिवसभर पाठ न टेकता बसली होती. गवंड्यानं तोंड उघडलं होतं. गवंडीणीनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

"नको," ती म्हणाली. मग तिनं म्हातारीपुढं बसून तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि चेहऱ्यावर जमेल तेवढा आनंद आणला. म्हातारी खूश झाली.

दुसरा दिवस दाणे उन्हात पसरून काढला. वाळले, पण सुरकुतले. साल हाताला सुटून येऊ लागली.

"कोरड्यात मिसळले आहेत," गवंडी हळूच म्हणाला. "एखाद वेळेस कळायचंही नाही."

"आणि उगवले नाहीत तर? कुणीतरी नांगरट करून वाट बघत बसेल."

गवंड्यानं हातातले दाणे परत पोत्यात सोडले. भिंत वाकडी असली तर रंगानं सरळ होत नाही, हे तोच लोकांना सांगायचा.

पोतं न्यायच्या दिवशी म्हातारी आधीच तयार होऊन दारात उभी. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. आपण एकटीनं फोडलेलं पोतं वजनाला जाताना तिला बघायचं होतं. तू येऊ नकोस म्हणायलाही ओरडावं लागलं असतं. तिघं निघाली. गवंड्यानं पोतं उसन्या सायकलवर आडवं बांधलं आणि सायकल हातानं ढकलत नेली.

वजनवालीनं मूठ भरली, कानाशी नेली, हलवली. पुन्हा हलवली. मग एक दाणा चिमटीत चोळला, साल निसटून तिच्या बोटाला चिकटली. तिनं चष्म्यावरून गवंडीणीकडे पाहिलं.

"मी बोलले होते तुला."

"माझ्याकडून ओल्या झाल्या," गवंडीण म्हणाली. "माझीच चूक. अंगठे फाटले होते म्हणून भिजवल्या."

आतून बियाणेवाला शेठ आला. तो ओरडणारा माणूस नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "बाई, एवढं तोंडानं सांगितलेलं कळत नाही? मी हे कुणाच्या ओटीत घालू? नियम तो नियम. ह्या पोत्याच्या बियाण्याची किंमत कापणार. चार पोत्यांची मजुरी गेली समज." गोदामात दहाबारा बायका होत्या. सगळ्यांचे हात थांबले. गवंडीणीनं चिंध्या बांधलेला हात आपल्या छातीवर ठेवून पुन्हा म्हटलं, "मीच केलं."

म्हातारी मागं उभी होती. ऐकू काहीच येत नव्हतं, पण तिला दिसत होतं. चोळलेला दाणा दिसला, निसटलेली साल दिसली, शेठचं बोट दिसलं, आणि सुनेचा छातीवरचा हात दिसला. तिच्या तोंडावरचं कौतुक हळूहळू उतरत गेलं. ती पुढं आली आणि सुनेच्या आणि शेठच्या मध्ये उभी राहिली.

"मी भिजवल्या," ती म्हणाली. बहिऱ्या माणसाचा आवाज, गोदामाच्या पत्र्यापर्यंत गेला. "तिला नका बोलू. ती घरी नव्हती. मला ऐकू येत नाही. तिनं सांगितलं असणार, मी हो म्हटलं असणार. मी सगळ्यालाच हो म्हणते."

शेठनं खाली बघितलं. किंमत त्यानं कापलीच, माणूस असला तरी बियाणेवाला होता. पण दोन पोती अजून बाकी होती ती त्यानं न बोलता सायकलला लावायला सांगितली. वजनवालीनं ओले दाणे परत बांधून दिले. "पैसे मोजलेत तर खा तरी," ती म्हणाली. पुढं कित्येक दिवस त्या घरात दाण्याचं कूट घातल्याशिवाय काही शिजलं नाही, आणि गवंडी शेंगदाण्याच्या नावानं बोटं मोडायचा.

परतताना म्हातारी दोघांच्या दहा पावलं मागं चालत होती. वाटेत ती एकदाच बोलली. "नको आता कान. बिनकानाचीच बरी." गवंड्याला रडू आलं. त्यानं सायकलीची घंटी उगीच वाजवली.

घरी आल्यावर गवंडीण सरळ आतल्या खोलीत गेली. उशी मांडीवर घेतली, दातानं दोरा तोडला आणि शिवण उसवली. घड्या घातलेल्या नोटा तिनं नवऱ्यापुढं ठेवल्या.

"हे कुठले?"

"दाराचे."

"कुठल्या दाराचे?"

तिनं न्हाणीकडं बोट केलं. वाऱ्यानं पोत्याचा पडदा आत जात होता आणि बाहेर येत होता. गवंडी त्या पडद्याकडं बघत राहिला. वीस वर्षं तो त्याला रोज बाजूला सारत होता. ते दार नाही, हे जणू त्याला आज दिसलं.

"मला बोलली का नाहीस कधी?"

"तुम्हाला लोकांची घरं बांधायला सांगायची सोय होती, आपलं दार सांगायची नव्हती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मोजा. दोन पोती होतील ती धरून. पुरतील."

शेवटच्या गुरुवारी ते म्हातारीला जवळजवळ ओढतच बाजारच्या गावी घेऊन गेले. तिनं वाटेत तीनदा नाही म्हटलं. सगळ्यालाच हो म्हणणारी बाई त्या एका गोष्टीला नाही म्हणत होती. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत कानवाल्यानं यंत्र घातलं. पंखा त्या दिवशी बंद होता. म्हातारी इकडं तिकडं बघत राहिली, मग म्हणाली, "खाली कोणीतरी नाणी मोजतंय." सगळे गप्प झाले तेव्हा दुकानातला गल्ला खरंच वाजत होता.

थोडे पैसे उरले. गवंड्यानं लोखंडाच्या दुकानात जाऊन दोन बिजागऱ्या घेतल्या, चांगल्या जाड. गवंडीण म्हणाली, "दार नाही आणि ह्या कशाला?" तो म्हणाला, "दार येईल मागाहून. आधी ह्या बसवतो." आणि त्यानं संध्याकाळीच भिंत कोरून बिजागऱ्या बसवल्या. त्यांच्यामध्ये पोतं तसंच लोंबत होतं.

शुक्रवारी सासू-सुना ओसरीवर बसल्या. पोती संपली होती, तरी अर्धी टोपली शेंगा शेठनं घरासाठी म्हणून दिल्या होत्या. गवंडीणीच्या अंगठ्यांच्या चिरा भरत आल्या होत्या. ती खाली मान घालून शेंगा फोडत होती. एक, दुसरी, दहावी. बोलत नव्हती. आता समोरच्या कानात यंत्र होतं.

म्हातारीनं वाट पाहिली. मग म्हणाली, "बोल की."

"काय बोलू, आई?" गवंडीण सवयीनं ओरडली. समोरची शिंपीण दारात आली.

"हळू. गल्लीला कशाला, मला सांग. महिनाभर तुझे ओठ हलताना बघत होते मी. इतकं कधी बोलली नव्हतीस तू. तेच ऐकायला हवं होतं मला, पंखा काय करायचाय?"

गवंडीणीनं पदर सावरला. "तुमच्याबद्दलही बोलले होते काहीबाही."

"मग ते आधी सांग."

गवंडीणीनं टोपलीतली एक शेंग घेतली, चोच शोधली, पण दाबली नाही. आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली, "तुम्ही डबा आणून दिलात, त्या दिवशी माझ्याकडं पैसे होते. उशीत. मी ते काढले नाहीत. तुमचे घेतले."

"दाराचे ना?"

गवंडीणीनं वर बघितलं.

"उशीवरचा टाका दर दोन महिन्यांनी बदलायचा. कधी पांढरा दोरा, कधी निळा. कान गेले माझे, डोळे नव्हते गेले." म्हातारीनं टरफल बाजूला टाकलं. "म्हणून तर मी डबा लवकर आणला. एक दिवस थांबले असते तर तू ते काढले असतेस. मग तुझं दार गेलं असतं."

गवंडीणीला पुढचं काही दिसेना. तिनं पदरानं डोळे पुसले, हातातली शेंग पदरातच राहिली. म्हातारीनं ती काढून घेतली, यंत्राच्या कानाशी नेली आणि हलवून बघितली.

"वाजतोय," ती म्हणाली. "हं, आता ते चुलीचं काय ते सांग. चूल म्हणताना तू फार रागानं बोलत होतीस."